रशीदची कापसाची दाढी

रशीद नदाफ बँकेत जाताना खोटी दाढी लावतो, त्याला कारण मी आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि रशीदला तर नाहीच नाही.

खोटी दाढी लावून बँकेत शिरणारा माणूस म्हटल्यावर तुमच्या मनात जे आलं, तेच त्या बँकेच्या नव्या पहारेकऱ्याच्याही मनात आलं होतं. त्यानं रशीदला दारातच धरलं. रशीदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सत्तरी उलटलेल्या आवाजात म्हणाला, "सावकाश, बाळ. सही आठवली की काढतो." तेवढ्यात आतून मॅनेजरबाई आल्या. पहारेकऱ्याला म्हणाल्या, "सोडा त्यांना. दाढी नसली तर त्यांची सही जुळत नाही, मग आम्हालाच त्रास."

दाढी पांढरी, छातीपर्यंत रुळणारी, मलमलीच्या तुकड्यावर कापूस चिकटवून केलेली. दोन बाजूंना दोन दोऱ्या, कानात अडकवायला. रशीद ती स्टीलच्या डब्यात घालून बरोबर नेतो. एटीएमपुढे उभा राहिला की डबा उघडतो, दाढी चढवतो, चार आकडे दाबतो, दाढी उतरवतो, डबा बंद करतो. मागच्या रांगेतले लोक हे सगळं पाहून काही बोलत नाहीत. पुण्यात रांगेत उभं राहून बोलायचं असतं ते फक्त पुढच्याला उशीर होत असेल तर, आणि रशीदला उशीर अजिबात होत नाही.

त्याचं म्हणणं असं की दाढी नसली तर त्याला ऐनवेळी काही आठवत नाही. सगळा खेळ दोऱ्यांचा आहे. दोरी कानाला असली की कान जागे राहतात आणि कान जागे असले की डोकं जागं राहतं. मी एकदा हसलो, तर मला म्हणाला, "बाळ, तुझे वडील नाही का जानवं कानाला लावायचे?" मी म्हटलं, ते वेगळ्या कारणासाठी. तर म्हणाला, "त्यांना तरी कुठे विचारलं होतंस कारण?"

लग्नातही ती दाढी होती. निकाहच्या वेळी तीनदा "कबूल" म्हणायचं असतं. एकच शब्द, तोही समोरचा विचारतो त्यातच असतो. पण आदल्या दिवसापासून रशीदला धास्ती की ऐनवेळी तो शब्द गेला तर? शेवटी शेरवानीच्या खिशातून त्यानं हळूच दाढी काढली. काझीसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. रशीदच्या मामांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, खरीच ठेव ना, निदान पुण्य तरी लागेल. त्यानं खरीही ठेवून पाहिली होती, सहा महिने. काही उपयोग झाला नाही. खऱ्या दाढीला दोऱ्या नसतात.

त्याची बायको नसीमभाभी हे सगळं फार शांतपणे घेते. ती लोकांना सांगते, "सासूनं घर दिलं, सासऱ्यांनी गाद्या दिल्या आणि नवऱ्यानं दाढी आणली. संसाराला आणखी काय लागतं?"

आता ही दाढी आली कुठून, ते सांगायला हवं.

आमच्या लहानपणी सदाशिव पेठेत एक बाई मुलांची नाटकं बसवायच्या. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. एका नाटकात ऋषी होता, म्हणून त्या कापूस मागायला कोपऱ्यावरच्या गादीच्या दुकानात गेल्या. दुकान रशीदच्या वडिलांचं. ते म्हणाले, कापूस लागेल तेवढा न्या, पैसे नकोत, पण या कापसाबरोबर हा पोरगाही न्या. दिवसभर भरलेल्या गाद्यांवर उड्या मारतो, पुन्हा भराव्या लागतात. अशा रीतीनं रशीद रंगभूमीवर आला, कापसाबरोबर फुकट.

तो नऊ वर्षांचा होता. बाईंनी दाढी बरोबर बसते का ते पाहायला सहज त्याच्या तोंडाला लावली. दाढी लागली मात्र, रशीद खोकला. साधा नाही. आधी छातीत काहीतरी हललं, मग ते वर आलं, मग त्यानं डोळे मिटले, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि खोकून झाल्यावर "चालायचंच" असं म्हणाला. त्याच दिवशी आधी ऋषी ठरलेल्या, पेठेतल्या डॉक्टरांच्या मुलाला हरणाचे पुढचे पाय करण्यात आलं. मागचे पाय मी होतो. एका गोणपाटात आम्ही दोघं वाकून चालायचो. त्यामुळे रशीदचा पहिला प्रयोग मला दिसला नाही, नुसता ऐकू आला. ऋषी शिष्यांना आवळे वाटतो असा प्रवेश होता आणि रशीद थरथरत्या आवाजात म्हणायचा, "रांगेत या बाळांनो. प्रत्येकाला एकेक आवळा मिळेल." त्या वाक्याला टाळी पडायची. आवळ्याला टाळी घेणारा नट मी पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतर पाच वर्षं बाईंच्या प्रत्येक नाटकात म्हातारा आला. नसला तर बाई घालायच्या. ऋषी, प्रधान, आजोबा, राक्षसाचे वडील. एका नाटकात नुसतं वडाचं झाड होतं, तर त्यालाही दाढी आली आणि संवादही आले. पेठेत सगळे त्याला "आजोबा" म्हणायला लागले, त्याचे खरे आजोबासुद्धा. आणि तो सगळ्यांना "बाळ" म्हणायला लागला, त्यात हेडमास्तरही सुटले नाहीत.

रशीदनं हे काम फार मनावर घेतलं होतं. शाळा सुटली की तो बागेतल्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा. आधी चाली बघायला, मग गप्पा मारायला. हळूहळू त्यांनी त्याची जागा ठरवून दिली. गुडघे, मोतीबिंदू, सुनांचे स्वभाव, सगळ्या विषयांवर त्याचं मत घेतलं जाई. एकदा त्यांच्यातले एक गृहस्थ गेले, तेव्हा शोकसभेत रशीद दोन शब्द बोलला आणि सगळ्या कट्ट्याला रडवलं. तो तेव्हा पाचवीत होता.

बालनटाचं आयुष्य साधारण मिसरूड फुटेपर्यंत असतं. आवाज फुटतो, हातपाय लांबतात आणि कालचा गोड राजपुत्र दहावीच्या क्लासला जायला लागतो. रशीदचं उलटं झालं. त्याचा आवाज फुटला आणि तो जिथे इतकी वर्षं नुसता अभिनयानं जात होता तिथे आपोआप जाऊन पोचला. तो म्हणाला, "चला, आता कमी दमायला होईल."

इथवर सगळं मजेचं आहे. आता जे सांगायचं ते मी तेहतीस वर्षं टाळत आलो आहे.

आम्ही एकाच कॉलेजात गेलो. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा म्हणजे पुण्यातल्या कॉलेजच्या मुलांचा गणपती, दिवाळी आणि युद्ध, तिन्ही एकदम. त्या वर्षीच्या एकांकिकेत प्रकाश नावाचा एकोणीस वर्षांचा नायक होता. ती भूमिका मला हवी होती. मी महिनाभर आधी हस्तलिखित मिळवून ती पाठ केली होती, न्हाणीघरात म्हणून म्हणून घरच्यांनाही पाठ झाली होती. निवडीच्या दिवशी रशीद तिथे आला तो नाटकात काम करायला नव्हे. त्यात एक म्हातारा पोस्टमन होता, त्याच्या दाढीसाठी कापूस द्यायला आला होता. नाटक बसवणारे सर म्हणाले, आलाच आहेस तर वाच जरा प्रकाशचं. त्यानं हातातली पिशवी खाली न ठेवता चार ओळी वाचल्या. सरांनी भूमिका त्याला दिली आणि मला म्हणाले, "नंदू, तुझं सगळं पाठ आहेच. तू प्रॉम्प्टिंग कर, कुणी अडला की विंगेतून वाक्य दे."

रशीदला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वयाचं काम मिळालं होतं. दाढी नाही, काठी नाही, खोकला नाही. तालमीत तो इतका आनंदात असायचा की सरळ चालायला शिकत असताना दोनदा पडला. वीस दिवस मी विंगेत वही घेऊन उभा होतो आणि त्याला एकदाही वाक्य द्यावं लागलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी थिएटर खचाखच भरलेलं. बाहेरच्या कॉलेजांची मुलं हुल्लड करायच्या तयारीनं आलेली. नायिका सुलभा निघून चालली आहे आणि प्रकाश तिला म्हणतो, "तू थांब म्हणालीस तर मी थांबेन." या वाक्यावर सगळं नाटक उभं होतं. रशीद पुढे आला, तोंड उघडलं, आणि वाक्य गेलं. त्यानं डावीकडे, विंगेत, माझ्याकडे पाहिलं.

वही माझ्या हातात होती. बोट त्याच ओळीवर होतं. वहीची गरजही नव्हती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. प्रॉम्प्टिंग परीक्षकांना ऐकू गेलं तर गुण कापतात, म्हणून थांबलो, असंही सांगून पाहिलं. खरं एवढंच आहे की मी ओठ मिटून घेतले आणि मनात आकडे मोजले. अकरापर्यंत.

बाराव्याला रशीदच्या तोंडून जे त्याच्या रक्तात होतं ते बाहेर पडलं. पाठ वाकली, हात गुडघ्यावर गेला, आणि सुलभेकडे पाहून तो थरथरत्या आवाजात म्हणाला, "रांगेत ये, बाळ. प्रत्येकाला एकेक आवळा मिळेल."

पुढे काय झालं ते सांगायला नको. थिएटर कोसळलं. "आवळा, आवळा" असा जो गजर सुरू झाला तो पडदा पडल्यावरही थांबेना. सुलभेचं काम करणारी मुलगी हसू दाबता दाबता आत पळाली. नाटक शेवटून दुसरं आलं. शेवटच्या कॉलेजचा सेट पडला होता म्हणून.

मेकअपच्या खोलीत सर माझ्या अंगावर आले. तू काय करत होतास विंगेत, वही काय पंख्यासाठी दिली होती का, चालता हो या ग्रुपमधून, असं बरंच. मी खाली मान घालून उभा होतो. तेव्हा रशीद मध्ये आला. चेहऱ्यावरचा रंग अजून पुसला नव्हता. म्हणाला, "सर, नंदूनं वाक्य दिलं होतं. दोनदा दिलं. मलाच ऐकू आलं नाही."

मला वाटलं, मला वाचवायला खोटं बोलतोय. रात्रभर त्याचीच लाज वाटत राहिली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर बसला आणि अगदी खऱ्या काळजीनं विचारायला लागला की मी पहिल्यांदा दिलं ते तो वळायच्या आधी की नंतर? तेव्हा कळलं की हा खोटं बोललाच नव्हता. नंदू विंगेत आहे म्हणजे नंदूनं वाक्य दिलंच असणार. नंदू गप्प बसेल, ही शक्यताच त्याच्या डोक्यात नव्हती. मग दोष कुणाचा? कानांचा. आणि कान त्याच दिवशी का गेले? कारण त्या दिवशी रंगमंचावर पहिल्यांदाच कानाला दोऱ्या नव्हत्या.

दाढीचं हे शास्त्र असं तयार झालं. मी त्याला म्हणालो, "आधी दिलं होतं." एवढंच बोललो. ते दुसरं खोटं.

त्यानंतर रशीदनं दाढीशिवाय रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. पंचविशीत हौशी नाटकांत म्हातारे केले, तिशीत व्यावसायिक नाटकांत केले, दौऱ्यावर गेला. मग टीव्हीवर आला. एका मालिकेत तो चार वर्षं कुटुंबप्रमुख अप्पासाहेब होता. त्यात त्याच्या मुलाचं काम करणारे गृहस्थ त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठे. चित्रीकरणात ते रोज वाकून रशीदच्या पाया पडायचे आणि उठताना रशीदलाच त्यांना हात द्यावा लागायचा. त्या मालिकेत एका गुरुवारी अप्पासाहेब वारले. शुक्रवारी सकाळी रशीद दूध आणायला गेला, तर दूधवाले काका त्याच्याकडे बघून म्हणाले, "कालच गेलात ना? मग आता अर्धा लिटर पुरेल."

नाव झालं, कामं मिळाली, घर चाललं. कुणी म्हणेल की मग बिघडलं काय? मीही स्वतःला तेच म्हणत आलो. एकदा नसीमभाभीनं चहा ओतता ओतता मला सरळ विचारलं, "नंदूभाऊ, तुम्ही तर तिथेच होतात. त्या दिवशी नक्की काय झालं हो यांना?" मी चहात साखर कमी आहे म्हणालो. साखर बरोबर होती.

मागच्या महिन्यात मृण्मयी आली. ही पोरगी खराडीला कुठल्याशा कंपनीत काम करते आणि शनिवार-रविवार नाटकं बसवते. तिनं नवं नाटक लिहिलं आहे. नायक बावन्न वर्षांचा कारकून, जो लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर स्वतःच्याच बायकोला मागणी घालायची ठरवतो. तिनं रशीदला ते वाचून दाखवलं. तो खूश होऊन डबा उघडायला लागला. ती म्हणाली, "नाही काका, नो दाढी. मला तुमचा फेस हवाय."

रशीद तीन दिवस डबा उघडत आणि बंद करत बसला. चौथ्या दिवशी त्यानं तिला अट घातली, एक तर दाढी, नाहीतर प्रॉम्प्टरला नंदू. ती बुचकळ्यात पडली. प्रॉम्प्टर आता कोण ठेवतं, काका, असं म्हणाली, पण कबूल झाली. मग तो माझ्याकडे आला. विमा कंपनीतल्या माझ्या टेबलासमोर बसला, टोकन घेऊन, कारण टोकनशिवाय बसायचं नाही अशी पाटी आहे आणि ती वाचून तो चिडतो पण मोडत नाही.

मी म्हटलं, मला जमणार नाही, सवय गेली, डोळे गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हातारा आवाज बाजूला ठेवून, त्याचा स्वतःचा जो आवाज मी क्वचितच ऐकला आहे, त्या आवाजात म्हणाला, "नंदू, मी नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून सत्तर वर्षांचा आहे. आता काही वर्षांत खरंच सत्तरीचा होईन. त्याआधी एकदा माझ्या वयाचा होऊन बघायचंय. तू असलास तर भीती वाटणार नाही."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "किती वाजता तालीम?"

तालीम कर्वेनगरला, मृण्मयीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. शेजारच्या खोलीत बायकांचा योगाचा वर्ग चालतो, त्यामुळे प्रेमप्रवेशात मधूनच "श्वास सोडा" असं ऐकू येतं. रशीदची गंमतच आहे. दाढी नाही म्हणून हाताचं काय करायचं ते त्याला कळत नाही, विचार करताना तो हवेतच दाढी कुरवाळतो. बायकोचं काम करणाऱ्या बाईंना चार वेळा "बाळ" म्हणून झालं. मृण्मयी कपाळाला हात लावते आणि म्हणते, "काका, वाइफ आहे ती तुमची." तो म्हणतो, "सवय होईल, बाळ."

परवा पहिल्यांदा सबंध नाटक सलग केलं. मागणी घालायच्या प्रवेशात रशीद बायकोचं काम करणाऱ्या बाईंसमोर उभा राहिला. तोंड उघडलं. वाक्य गेलं. मी विंगेत, म्हणजे कॅरमबोर्डामागे, उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, अगदी तसंच.

मी वाक्य दिलं. दिलं कसलं, ओरडलो. शेजारच्या खोलीतल्या बायकांचा श्वास अडकला. मृण्मयी म्हणाली, "काका, पार्किंगपर्यंत गेलं ते." पण रशीदनं ते उचललं आणि असं म्हटलं की समोरच्या बाई आपलं पुढचं वाक्य विसरल्या. पाठ सरळ होती. हात गुडघ्यावर गेला नाही. बावन्न वर्षांचा, थोडं टक्कल पडलेला, लाजणारा एक माणूस उभा होता, आणि इतक्या वर्षांत मी त्याला पाहिलंच नव्हतं.

तालीम संपल्यावर आम्ही बाहेर पायरीवर चहा घेत बसलो. तो बराच वेळ नुसता हसत होता. मग माझ्याकडे वळला.

"नंदू," तो म्हणाला, "आज ऐकू आलं रे."

मी चहाचा घोट घेतला.

"एवढी वर्षं वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. तू जीव तोडून सांगतोयस आणि आपल्याला ऐकूच येत नाही. आज लख्ख ऐकू आलं. सुधारले बघ कान."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मृण्मयीनं आतून त्याला हाक मारली आणि तो उठून गेला. तिनं हाक मारली नसती तरी मी बोललो नसतो, हेही आता लिहूनच टाकतो.

पहिला प्रयोग पुढच्या रविवारी आहे. त्याआधी त्याच्यासमोर बसून मला त्याला एवढंच सांगायचं आहे: रशीद, तुझे कान तेव्हाही चांगले होते, मी गप्प बसलो होतो. हे वाक्य मी त्याला अजून दिलेलं नाही.